मुळेचं पाणी शोधत कोकणात: कुंडलिकेकाठचे पाच दिवस

औंधचा पूल ओलांडताना मला रोज मुळा दिसते. दिसते म्हणजे काय, जलपर्णी दिसते, आणि तिच्याखाली नदी असणार असं आपण धरून चालतो. बावीस वर्षं हेच चाललंय.

गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावर भाचा ओजस म्हणाला, "मावशी, कोलाडला राफ्टिंगला चल ना. तिथे बाराही महिने पाणी असतं." हातातली चकली तशीच राहिली. बाराही महिने? कोकणातल्या नदीला? कोकणातल्या नद्या आखूड, उतार तीव्र, पावसाळ्यात दुथडी आणि उन्हाळ्यात नुसते डोह, असं एकोणीस वर्षं मी नववीच्या पोरांना फळ्यावर लिहून दिलंय. मग त्या रात्री नकाशे काढून बसले, आणि जे पुस्तकात वाचून विसरले होते ते परत सापडलं. कोलाडच्या कुंडलिका नदीत जानेवारी ते मे जे पाणी उसळतं, त्यातलं बहुतेक कुंडलिकेचं नव्हेच. ते मुळेचं. माझ्या पुलाखालून जायला हवं होतं ते.

म्हटलं, जाऊ या. पण राफ्टिंग करून संध्याकाळी घरी, असं नाही. धरणापासून समुद्रापर्यंत. ओजसनं कुरकुर करत मान्य केलं. तिसरा सोबती श्रीकांत. त्यानं अट घातली, "मी चालणार नाही, बोटीत बसणार नाही. गाडी चालवीन आणि जेवीन."

पहिला दिवस, गुरुवार: मुळशी, ताम्हिणी, पिंपरी

चांदणी चौकातून सात वाजता निघालो. पौडला मिसळ. ती सांगण्यासारखी नव्हती.

पौड सोडलं की डोंगर जवळ येऊ लागतात आणि मग अचानक डाव्या-उजव्या वळणांतून मुळशीचं पाणी दिसत राहतं. जानेवारीतही तलाव चांगला भरलेला होता. निळं, स्वच्छ, एकही जलपर्णी नाही. काठावर रिसॉर्टच्या पाट्याच पाट्या. या पाण्याखाली आंबेमोहोराची भातखाचरं होती. टाटांच्या वीज कंपनीनं इथे धरण बांधायला घेतलं तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी, आणि 'सेनापती' हे बिरुद त्यांना इथेच चिकटलं. 'जान किंवा जमीन' ही घोषणा याच खोऱ्यातली. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी पहिल्या काही चळवळींपैकी ही एक. तीन-साडेतीन वर्षं चालली आणि हरली. १९२७ मध्ये घाटाखाली, कोकणातल्या भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं. मुंबईला वीज मिळाली.

रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून ओजसला हे सांगत होते. तो म्हणाला, "पण मावशी, धरण इकडे आणि वीजकेंद्र कोकणात, असं कसं?"

हाच सगळ्या प्रवासाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबून सांगते. सह्याद्री म्हणजे घराचं आढं. पूर्वेच्या पाखीवर पडलेला पाऊस सावकाश उतरत मुळा, मुठा, भीमा असं करत पंढरपूरला विठोबाच्या पायाशी जातो, पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागरात. पश्चिमेच्या पाखीवरचा मात्र दीड-दोन हजार फुटांच्या कड्यावरून थेट खाली कोसळतो आणि दिवसाभरात अरबी समुद्रात. मुळशीचं धरण आढ्याच्या पूर्वेला, पण आढ्याला अगदी लागून. कंपनीनं काय केलं, तर आढ्यालाच भोक पाडलं. तलावाचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला काढलं, मोठाल्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली सोडलं आणि त्या पडण्याच्या जोरावर जनित्रं फिरवली. पूर्वेला उतार नाही म्हणून तिकडे ही वीज झालीच नसती.

हे काही एकट्या मुळशीचं नाही. वळवण, लोणावळा, शिरवता, ठोकरवाडी, कुंडली यांचंही पाणी असंच घाटाखाली जातं. खोपोलीला १९१५ पासून, आणि तिथून पाताळगंगेत. भिवपुरीला १९२२ पासून, तिथून उल्हासमध्ये. सगळं मिळून वर्षाला चाळीस टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर. पुण्या-सोलापूरकडे दुष्काळ पडला की हे पाणी परत पूर्वेला वळवा अशी मागणी जोरात येते, पाऊस पडला की विरते.

ताम्हिणीत दुपार झाली. पावसाळ्यात इथे गाडी उभी करायला जागा नसते, भुट्ट्याची कणसं आणि भिजलेली गर्दी. आता धबधब्यांच्या जागी काळ्या कातळावर नुसते पांढरे ओघळ. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस, आणि पुण्याहून दीड-दोन तासांवरच्या या घाटात सहा हजारांच्या पुढे गेला तरी कुणी दचकत नाही. नववीच्या पोरांना हा आकडा सांगितला की ती 'मॅडम, शून्य जास्त पडलं' म्हणायची.

निवे फाट्यावरून लोणावळ्याकडच्या रस्त्याला वळलो आणि पिंपरी गावाजवळच्या (चिंचवडजवळची पिंपरी नव्हे) कड्यावर गेलो. समोर कुंडलिकेची दरी. पायाखाली जमीन संपते आणि मग फक्त हवा. पलीकडच्या कड्यावर बेसॉल्टचे थर असे एकावर एक रचलेले, की कुणी पुस्तकांची चळत ठेवावी. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे ते थर. मी मोजायला लागले आणि अकरावर गोंधळले, कारण ओजस कड्याच्या टोकाला फोटो काढायला गेला होता.

"ओजस, मागे हो."

"मावशी, रेलिंग आहे."

"रेलिंग सरकारी आहे. मागे हो."

दुसरा दिवस, शुक्रवार: अंधारबनातून भिऱ्याला

पिंपरीच्या तळ्यापाशी सकाळी साडेसातला वनखात्याची पावती फाडली. हा सगळा पट्टा २०१३ पासून ताम्हिणी अभयारण्यात आहे. गावातला एक तरुण वाटाड्या म्हणून आला. श्रीकांत गाडी घेऊन घाट उतरून भिऱ्याला जाणार आणि तिथे आमची वाट बघत झोपणार, असं ठरलं.

अंधारबन हे नाव उगाच नाही. कड्याच्या काठानं वाट जाते, डाव्या हाताला दरी आणि डोक्यावर छत. साडेनऊला चष्म्यावरचा गॉगल काढून ठेवावा लागला. अंजन, जांभूळ, हिरडा, आंबा, आणि झाडाझाडांतून माणसाच्या मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली, पिळवटलेल्या. गारंबीची एक शेंग खाली पडलेली मिळाली. माझ्या हाताएवढी लांब, लाकडासारखी टणक. हलवली की आतल्या बिया खुळखुळतात. वाटाड्या म्हणाला, "ही बी पुरात वाहत समुद्रापर्यंत जाते, ताई." मी ती बॅगेत टाकली. (आणताना वनखात्याचा नियम आठवला आणि पुढच्या हिर्डी गावाच्या आधी परत ठेवली. पोरांना शिकवताना मी फार कडक होते, आता स्वतःलाच पकडलं.)

शेकरू आधी ऐकू आलं, मग दिसलं. खडखडीत, यंत्र बिघडल्यासारखा आवाज. मान वर करून पाच मिनिटं उभे राहिलो तेव्हा पानांतून तांबूस झुबकेदार शेपूट लोंबताना दिसली. एका झाडावरून दुसऱ्यावर उडी, आणि गायब. राज्यप्राणी असूनही बहुतेकांनी त्याला फक्त पाठ्यपुस्तकातच पाहिलेलं असतं. शेकरूला सलग छत लागतं, ते सहसा जमिनीवर उतरत नाही. मध्ये रस्त्याएवढी फट पडली तरी त्याचं जंगल तिथे संपलं.

मला खरं बघायचं होतं ते मात्र पायाखाली होतं. वाटेत सात-आठ ओढे लागले. पावसाळ्यात दोर बांधून ओलांडावे लागतात ते. आता कुठे बोटभर धार, कुठे नुसता ओला दगड. पण अजून सगळे आटले नव्हते. ज्या ओढ्यावर दाट झाडी होती त्याला पाणी होतं, उघड्या सड्यावरून, म्हणजे खडकाळ पठारावरून, येणारा कोरडा ठणठणीत. पाचोळ्याचा वीतभर थर उकरला तर खालची माती गार आणि दमट, भिजवलेल्या मटकीसारखी. पाऊस हा असा साठतो. कुंडलिकेचं स्वतःचं, हक्काचं पाणी ते हे. जानेवारीत एवढंच.

हिर्डीला जंगल संपतं आणि पठार उघडतं. एका घरी ताक मिळालं, पैसे घेईनात, मग ओजसनं त्यांच्या पोराला आपली टोपी दिली. पुढची उतरण मात्र गुडघ्यांची परीक्षा. तीन तास खाली, खाली, कारवीच्या वाळक्या काटक्यांतून. खाली भिऱ्याचं पाणी चमकत होतं आणि जवळ येत नव्हतं. जसजसं उतरलो तसतशी हवा जड झाली. भिरा म्हणजे तिन्ही बाजूंनी कड्यांनी वेढलेली कढई. २०१७ च्या मार्चमध्ये इथे ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली, देशात त्या दिवशी सगळ्यात जास्त, आणि एरवी कुणाला माहीत नसलेलं हे गाव पेपरात झळकलं.

साडेचारला पोचलो. श्रीकांत खरंच झोपला होता.

तिसरा दिवस, शनिवार: देवकुंड आणि वीजकेंद्राचं कुंपण

देवकुंडाला लोक कुंडलिकेचा उगम मानतात. पाटणूस-भिऱ्याकडून, पाण्याच्या काठाकाठानं आणि मग रानातून, जाऊन-येऊन अर्धा दिवस. शनिवारची गर्दी होती, स्पीकर होते, त्यामुळे मी जास्त लिहीत नाही. तिन्ही बाजूंनी उभा कातळ, वरून जानेवारीची बारीक धार, खाली हिरवाकाळा डोह. डोह फसवा आहे, इथे माणसं बुडाली आहेत. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन बंदी घालतं, आणि दोर लावलेला असतो त्याच्या पुढे जायचं नाही असं गावातली मुलं घसा बसेपर्यंत सांगत असतात. त्यांचं ऐकावं.

संध्याकाळी भिऱ्याच्या वीजकेंद्राच्या कुंपणाबाहेरून नळ पाहिले. आत अर्थातच सोडत नाहीत. डोंगराच्या माथ्यावरून खाली सरळ रेषेत उतरलेले ते नळ पाहून मला कसंतरीच झालं. दोन दिवसांपूर्वी वर निळाशार पाहिलेला तलाव आत्ता या नळांतून, आवाज न करता, खाली येत होता. २५ मेगावॉटचे जुने सहा संच, आणि शिवाय विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी परत वर चढवू शकणारा १५० मेगावॉटचा आणखी एक.

"म्हणजे पाणी लिफ्टनं वर जातं, पुन्हा खाली येतं?" ओजस म्हणाला.

"तुझ्यासारखंच," श्रीकांत म्हणाला. "कामाशिवाय."

इथे पाण्याची गोष्ट संपत नाही. भिऱ्यातून बाहेर पडलेलं पाणी अडवून त्यावर राज्य सरकारचं ८० मेगावॉटचं दुसरं केंद्र चालतं. तिथून ते नदीत. नदीत त्यावर राफ्टिंग. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावर अडून कालव्यांना, कारखान्यांना आणि नळांना. एकाच पाण्याचा इतक्या वेळा उपयोग पुण्यात फक्त सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकलाय.

चौथा दिवस, रविवार: पाणी येतं ते

राफ्टिंगवाल्यांनी साडेसातला बोलावलं होतं. कोलाडच्या ऑफिसात सह्या, 'माझ्या जबाबदारीवर' वगैरे, मग लाइफ जॅकेट, हेल्मेट, वल्हं, आणि जीपमधून साजे गावाकडे. पन्नाससाठ माणसं जमली होती. ठाण्याचा एक ग्रुप तर सगळा एकसारख्या टी-शर्टमध्ये.

आणि नदीत पाणी नव्हतं.

म्हणजे होतं, पण गुडघाभर, दगडांमधून वाट काढणारं. मधे वाळूचे बेट, त्यावर गवत. पन्नास राफ्टरांना पाहून एक ढोकरी कंटाळून उडाली. "आज पाणी उशिरा आहे," गाइड म्हणाला. कुणी विचारलं, का? "रविवार आहे. वीज कमी लागते." मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मुंबईतल्या ऑफिसांना सुट्टी, म्हणून नदी उशिरा उठणार.

थांबण्यात माझा फायदाच झाला. खालच्या अंगाला एक बाई कपडे धूत होत्या, त्यांच्याजवळ जाऊन बसले. दगडांच्या खोलगट भागांत पाण्याची छोटी डबकी होती, आणि त्यांत बोटाएवढे मासे गोल गोल फिरत होते. आदल्या संध्याकाळी पाणी उतरलं तेव्हा अडकलेले. काठावर पाच-सहा बगळे ओळीत, रेशनच्या दुकानासमोर असावेत तसे. वरच्या बाजूला दोन कातकरी बायका फडक्याची झोळी करून तेच मासे टिपत होत्या. रोज पाणी चढतं, रोज उतरतं. नदीच्या काठाला कितीतरी गोष्टी स्थिर पाण्यात घडवायच्या असतात. माशांना अंडी घालायची असतात, दगडावर शेवाळ धरायचं असतं, त्यावर किडे जगायचे असतात. इथे सगळ्यांना रोजचा पूर आणि रोजचा दुष्काळ. जे तग धरतं ते राहतं. बगळ्यांचं मात्र छान चाललंय.

"तुम्हाला कसं कळतं कधी उठायचं?" मी बाईंना विचारलं.

"कळतंय की. तो दगुड बगा." त्यांनी साबणाच्या हातानं दाखवलं. "तो काला पडला की उठायचा."

नऊ वाजून दहा मिनिटांनी गाइडचा फोन वाजला. तो ओरडला, "पाणी सुटलं!" काहीच झालं नाही. दहा मिनिटं तरी काहीच नाही. मग आधी वास आला, ओल्या मातीचा. वरच्या वळणावर बगळे एकदम उठले. मग एक पातळ, फेसाळ काठ दगडांमधून पुढे सरकताना दिसला, चटईची गुंडाळी उलगडावी तसा, पाचोळा आणि एक प्लॅस्टिकची बाटली पुढे ढकलत. डबक्यांतले मासे सुटले. बाईंचा दगड काळा पडला. बाई बादली उचलून शांतपणे पायऱ्या चढून गेल्या, मागे न बघता. पंधरा-वीस मिनिटांत जिथे मी बसले होते तिथे छातीभर पाणी होतं आणि कुणाशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं.

पाण्यात हात घातला. थंडगार. पंढरपूरला जायचं होतं हे. औंधवरून.

राफ्टिंगबद्दल काय सांगू. मला वाटलं होतं मी काठावर बसून टिपणं काढीन. सहा जणांची राफ्ट, मागे गाइड, मी मधे. "फॉरवर्ड!" म्हटलं की वल्हं मारायचं, "स्टॉप!" म्हटलं की थांबायचं, आणि लाट आली की आत वाकायचं. पहिल्याच मोठ्या उताराचं नाव 'मॉर्निंग हेडेक' असल्याचं गाइडनं हसत सांगितलं, आणि राफ्ट नाक खुपसून खाली गेली. तोंडभर पाणी, डोळ्यांत पाणी, आणि माझ्याच घशातून निघालेली किंकाळी मला दुसऱ्या कुणाची तरी वाटली. बाहेर आलो तर ओजस राफ्टमध्ये नव्हता. दोन मीटरवर हेल्मेट दिसलं. गाइडनं जॅकेटचे खांद्याचे पट्टे धरून त्याला पोत्यासारखा आत ओढला. तो हसत होता. मी नव्हते.

बारा-तेरा किलोमीटरचा हा पट्टा. जोराचे उतार पहिल्या अर्ध्यातच, मग नदी पसरते, आवाज खाली येतो. दोन्ही काठांना करंज, उंबर, जांभूळ पाण्यावर झुकलेले. कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडत हवेत थांबतो आणि मग दगडासारखा खाली. शांत पट्ट्यात पाण्यात उतरायची परवानगी मिळाली. पाठीवर पडून, जॅकेटच्या भरवशावर, आभाळ बघत मी दहा मिनिटं वाहत गेले. वयाच्या बावन्नाव्या वर्षी असं फुकट वाहत जाणं मला फार आवडलं. कामथला काठावर आलो तेव्हा एका पायात चप्पल नव्हती.

आमचा गाइड शेजारच्याच गावचा. पूर्वी इथे वल्हं मारायला ऋषिकेशची, नेपाळची मुलं यायची, आता गावातली बरीच तयार झाली आहेत. त्याचा एक भाऊ धाटावला केमिकल कंपनीत, एक मुंबईला. "पाणी तिकडं वळवलं तर?" मी विचारलं. त्याला मागणी माहीत होती. "मग आम्ही पन तिकडं येऊ. पुन्याला राफ्टिंग करू," म्हणाला, आणि आमची वल्ही गोळा करायला गेला.

संध्याकाळी कोलाडजवळ श्रीकांतच्या जुन्या सहकाऱ्याच्या घरी पोपटी होती. जानेवारीत रायगडात जाऊन पोपटी न खाता परतणं हा गुन्हाच. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ-ओवा, मसाला लावलेलं चिकन, अंडी, बटाटे, पुन्हा शेंगा, आणि तोंडाला पाल्याचा घट्ट बोळा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मडकं शेतातच उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. अर्ध्या तासानं वहिनींनी मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चर्रकन उडून गेलं. "झाली." पाला काढला आणि जो वास सुटला तो भांबुर्ड्याशिवाय येत नाही. आपल्याकडे रस्त्याकडेला उगवणारं तण ते.

वहिनी म्हणाल्या, हल्ली घरचा वाल कमी झालाय. भात कापल्यावर जमिनीत जी ओल राहते तिच्यावर वाल येतो, त्याला वरून पाणी लागत नाही. पण कालव्याचं पाणी आलं की लोक उन्हाळी भात लावतात, आणि शेजारच्या खाचरातला वाल पाण्यानं कुजतो. मुळशीचं पाणी पोपटीतसुद्धा शिरलं होतं तर.

पाचवा दिवस, सोमवार: रोहा, साळाव, कोर्लई

रोहा आणि अष्टमी यांच्या मधून कुंडलिका जाते. पुलावर उभं राहिलं की एक गोष्ट लक्षात येते, इथे ती नदीही आहे आणि खाडीही. भरतीला पाणी मागे ढकललं जातं. धावीर महाराजांचं देऊळ पाहिलं, ज्यांच्या पालखीला पोलीस सशस्त्र सलामी देतात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख आणि स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले, दोघंही या गावचे. गाव छोटं, अभिमान मोठा.

रोह्याला लागून धाटावची औद्योगिक वसाहत. काचा बंद होत्या तरी वास आत आला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यात महाराष्ट्राचे ५३ होते. मुळा त्यात, कुंडलिकाही त्यात. वरच्या अंगाला बाटलीत भरून प्यावं असं पाणी, आणि तीस-चाळीस किलोमीटरवर ही अवस्था. काल मी ज्यात पाठीवर पडून वाहत गेले तेच ते. ओजस बराच वेळ काही बोलला नाही, आणि तो गप्प बसणं म्हणजे काही तरी झालंय.

पुढे चणेऱ्याकडून साळावपर्यंत खाडी रुंद होत जाते. काठाला तिवरं, चिपी, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या. खारफुटीच्या मुळांत बोय आणि कोळंबीची पिल्लं वाढतात. जिताडा तर गोड्या-खाऱ्या दोन्ही पाण्यांत हिंडणारा. अंडी घालायला खाऱ्यात, वाढायला आत. जावयाला जिताडा खिलवल्याशिवाय पाहुणचार पुरा होत नाही असं इकडे म्हणतात. दुपारी एका खानावळीत श्रीकांतनं तो मागवला आणि पुढची वीस मिनिटं आमच्यापैकी कुणाशी बोलला नाही.

कोर्लईचा किल्ला खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या सोंडेवर आहे, पोर्तुगिजांचा. खाली गावातल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली आजही घराघरात बोलतात. दीपगृहाकडून पायऱ्या चढून वर गेलो. एका बाजूला मोकळा समुद्र, दुसऱ्या बाजूला रेवदंड्याचा पूल आणि त्याखालून येणारी कुंडलिका. ओहोटी होती. खाडीचं मातकट पाणी समुद्रात शिरत होतं आणि दोन रंगांची शीव बऱ्याच लांबपर्यंत स्पष्ट दिसत होती.

उतरल्यावर खडकांवर एक आजी कोयतीनं कालवं फोडत होत्या. टोचायचं, उलगडायचं, बोटानं काढून डब्यात. मिनिटाला पाच-सहा.

"आजी, पावसात नदीचं पाणी आलं की काय होतं यांचं?"

"गोडा पानी जास्ती झाला की मरतात." डोकं वर न करता त्या म्हणाल्या. "याला खारा पन पायजे, गोडा पन पायजे. मापात."

दोन वाट्या कालवं घेतली. बर्फ मिळाला नाही. डबा सीटखाली ठेवला, आणि तो वळणावर कलंडला हे आम्हाला पेणच्या पुढे कळलं. घाट चढून पुण्यात येईपर्यंत श्रीकांतनं चारही काचा उघड्या ठेवल्या होत्या.